सुझनच्या गैरहजेरीत

कादंबरीतील एखादे पात्र बदलले असे लेखक सांगतो, तेव्हा वाचकाने ते कशाच्या आधारावर मान्य करायचे? प्रश्न साधा आहे, परंतु वर्गात तो क्वचितच विचारला जातो. ‘व्यक्तिरेखेचा विकास’ हा आपल्या प्रश्नपत्रिकांचा लाडका विषय. अमुक पात्र आरंभी कसे होते, शेवटी कसे झाले आणि मधल्या कोणत्या प्रसंगांनी ते बदलले, अशी तीन परिच्छेदांची उत्तरे विद्यार्थी लिहितात आणि आम्ही ती तपासतो. पण मधले प्रसंगच नसतील तर? बदल घडला आहे, एवढेच कोणी येऊन सांगितले आणि ज्याच्याविषयी सांगितले ते पात्र त्या वेळी तिथे नव्हतेच, तर त्याला विकास म्हणायचे की वार्ता?

हा प्रश्न ठसठशीतपणे उभे करणारे एक उदाहरण इंग्रजी बालसाहित्यात आहे. सी. एस. लुईस (१८९८–१९६३) यांच्या नार्निया मालिकेतील सात कादंबऱ्या १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाल्या. परिचित जगातून एखाद्या दारावाटे दुसऱ्या जगात नेणाऱ्या अद्भुतकथेला पोर्टल फँटसी म्हणतात, आणि या प्रकाराची चर्चा नार्नियाशिवाय पुरी होत नाही. मालिकेची सांगता करणाऱ्या ‘द लास्ट बॅटल’ (१९५६) या कादंबरीला कार्नेगी पदकाचा मान मिळाला. त्याच कादंबरीतल्या जेमतेम अर्ध्या पानाने वाचकांत असा वाद निर्माण केला की तो आजही मिटलेला नाही. तो वाद सुझन पेव्हन्सी हिच्याविषयी आहे.

सुझन ही चार भावंडांपैकी दुसरी. पीटर तिच्याहून मोठा, एडमंड आणि ल्यूसी धाकटी. महायुद्धातील हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर एका वृद्ध प्राध्यापकाच्या घरी पाठवलेली ही मुले कपड्यांच्या कपाटातून नार्नियात जातात. तिथे सुझनला धनुष्य, बाण आणि संकटकाळी वाजवायचे शिंग मिळते. अस्लान या सिंहाचे बलिदान आणि त्याचे पुन्हा जिवंत होणे, हा साऱ्या मालिकेचा गाभा. तो प्रत्यक्ष पाहणाऱ्या मुली दोनच, ल्यूसी आणि सुझन. पुढे चौघे राजेराण्या होतात. सुझन तिथे तरुण स्त्री होते, दूरदूरच्या राजांकडून तिला मागण्या येतात. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ (१९५४) मध्ये तर एका परक्या राजपुत्राशी विवाह करावा की नाही, याचा विचार करणारी राणी म्हणूनच ती वाचकाला भेटते. लुईस यांनी स्वतः केलेल्या कालपटानुसार हे राज्य १५ वर्षे चालले. त्यानंतर भावंडे कपाटातून परत येतात, तेव्हा इकडे क्षणही सरलेला नसतो आणि सुझन पुन्हा १२ वर्षांची झालेली असते. ‘प्रिन्स कॅस्पियन’ (१९५१) मध्ये ती एकदाच परत जाते. तिच्या आणि पीटरच्या वयाला नार्निया आता उरला नाही, असे त्यांना त्या भेटीच्या अखेरीस सांगितले जाते.

नंतर ती वाचकाच्या दृष्टीआड होते. ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ (१९५२) मध्ये ती आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेल्याचे कळते. घरातली देखणी मुलगी ती. अभ्यासात यथातथा, परंतु वयाच्या मानाने प्रौढ, असा तिचा परिचय निवेदक ओघात देऊन टाकतो. शेवटच्या कादंबरीत नार्नियाचे सात जुने स्नेही राजवेशात प्रकट होतात. त्यांत सुझन नसते. राजा तिरियन पीटरला विचारतो, आपल्याला तर दोन बहिणी ना? पीटर थोडक्यात आणि गंभीरपणे सांगतो की ती आता नार्नियाची स्नेही राहिलेली नाही. युस्टेस म्हणतो, नार्नियाचा विषय काढला की ती हे सगळे लहानपणीचे खेळ होते असे म्हणते. जिल सांगते की तिला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांपलीकडे कशातच रस नाही. पॉली म्हणते, तिला मोठे व्हायची घाई होती, आणि आता आयुष्यातल्या सर्वांत खुळ्या वयाला चिकटून बसण्याची तिची इच्छा आहे. मग पीटर तो विषय पुरे करतो आणि समोरच्या फळझाडांकडे सर्वांचे लक्ष वेधतो. पुढे उलगडा होतो की इंग्लंडमधल्या रेल्वे-अपघातात ही सारी मंडळी आणि पेव्हन्सी मुलांचे आईवडीलही दगावले आहेत. सुझन जिवंत आहे. एका दिवसात तिचे सगळे घर गेले आहे. तिचा उल्लेख मात्र पुन्हा होत नाही.

या अर्ध्या पानावर वाचक संतापले. त्यांपैकी काही स्वतः लेखक होते, म्हणून त्यांचा संताप नोंदला गेला. फिलिप पुलमन यांनी १९९८ साली ‘गार्डियन’मधील लेखात, मुलीचे स्त्रीत रूपांतर होणे लुईस यांना रुचलेले नाही, असा आक्षेप घेतला. जे. के. रोलिंग यांनी २००५ साली ‘टाइम’ला दिलेल्या मुलाखतीत याच मुद्द्यावर आपली नाराजी स्पष्ट केली. नील गेमन यांनी २००४ साली एक कथाच लिहिली. बालसाहित्याची अभ्यासक असलेली एक वृद्ध प्राध्यापिका, तरुणपणी अपघातात गमावलेली भावंडे, आणि मृतदेहांची ओळख पटवण्याचे तिच्या वाट्याला आलेले काम, असे त्या कथेचे सूत्र आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ सुझन’ हे तिचे शीर्षक पुढे या संपूर्ण वादाचेच नाव होऊन बसले.

लुईस यांची बाजू घेणारे वाचकही थोडेथोडके नाहीत, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. ते म्हणतात, आरोप लिपस्टिकचा नाहीच. खरा आरोप युस्टेसच्या वाक्यात आहे: स्वतः डोळ्यांनी पाहिलेले तिने नाकारले. दार पीटरलाही बंद झाले होते, तो मात्र स्नेही राहिला. शिवाय पॉलीचे वाक्य नीट वाचले तर सुझन मोठी झाली अशी तक्रार तिथे नाही. ती मोठेपणाचे सोंग घेऊन एका जागी थांबली, अशी आहे. १९५२ सालच्या एका निबंधात लुईस यांनी हाच विचार मांडला आहे. त्यांच्या मते वाढणे म्हणजे जुने टाकून नवे घेणे नव्हे. झाडाच्या खोडात वलयावर वलय चढते तसे जुन्यात नवे मिळवत जाणे म्हणजे वाढ, आणि आपण बालिश दिसू की काय ही धास्ती हेच अपक्वतेचे लक्षण. तिसरा मुद्दा असा की सुझनला कोणी शिक्षा दिलेली नाही. १९५७ साली एका बालवाचकाला लिहिलेल्या पत्रात लुईस यांनीच कळवले की ती अजून जिवंत आहे, सुधारायला तिच्यापाशी भरपूर वेळ आहे आणि कदाचित तीही आपल्या वाटेने अस्लानच्या देशात पोहोचेल.

हा बचाव आम्हाला विचार म्हणून मान्य आहे. वाढीची ती कल्पना सुंदर आहे आणि तिच्याशी भांडण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप असा की तो विचार निबंधात आहे, पत्रात आहे, समर्थकांच्या विवेचनात आहे, पण कादंबरीतल्या सुझनमध्ये नाही. कादंबरीत जे आहे ते ऐकीव आहे.

त्या अर्ध्या पानात कोण बोलते ते पाहावे. पीटर, युस्टेस, जिल आणि पॉली असे चौघे बोलतात. यांपैकी सुझनबरोबर नार्नियात वावरलेला एकटा पीटर. युस्टेस आणि जिल तिथे गेले ते सुझनचे दार बंद झाल्यावर. पॉली गेली ती सुझनच्या जन्माच्याही आधी. ज्यांनी तिला नार्नियात कधी पाहिलेच नाही ते तिच्या विस्मरणाबद्दल सर्वाधिक बोलतात. आणि गप्प कोण आहेत? एडमंड आणि ल्यूसी. एडमंडने पहिल्याच कादंबरीत भावंडांशी दगा केला होता आणि त्याला क्षमा मिळाली होती. ल्यूसी त्या बलिदानाच्या रात्री सुझनच्या शेजारी होती. तिसऱ्या प्रवासात जादूच्या ग्रंथापुढे उभी असताना आपण सुझनहून देखण्या व्हावे, असा मोह याच ल्यूसीला झाला होता. सुझनविषयी अधिकाराने काही सांगू शकतील अशी ही दोघे. लेखकाने त्यांच्या तोंडी एकही शब्द घातलेला नाही. हे मौन हेतुपूर्वक असेल तर ते फार मोठ्या कादंबरीचे बीज आहे. नसेल तर प्रसंग घाईने उरकला, असेच म्हणावे लागेल.

आता याच मालिकेतील इतर स्थित्यंतरांकडे पाहू. एडमंड बिघडतो तो आमच्या डोळ्यांदेखत. चेटकिणीने दिलेल्या टर्किश डिलाइट या मिठाईची चटक, धाकट्या बहिणीचा द्वेष, बर्फातून एकट्याने केलेली वाट, पायरीपायरीने ओसरत गेलेला भ्रम, हे सर्व वाचकाने त्याच्याबरोबर अनुभवलेले असते. युस्टेस तर झोपेतून उठतो तो ड्रॅगन होऊन. ती कातडी सोलली जाताना होणारी वेदना त्याच्याच तोंडून आपण ऐकतो. म्हणून ही दोघे सुधारली यावर कोणताही वाचक शंका घेत नाही. लुईस यांना माणसाचे बदलणे लिहिता येत नव्हते असे मुळीच नाही. बालसाहित्यात इतक्या ताकदीने ते लिहिणारे थोडे. ज्या लेखकाने एडमंडच्या एका मिठाईला कित्येक पाने दिली, त्याने सुझनच्या लिपस्टिकला एक वाक्य द्यावे, ही विषमता वाचकाला बोचते.

या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली कादंबरी १९५० साली निघाली, तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई आणि चॉकलेटे रेशनवर होती. ते नियंत्रण १९५३ साली उठले. एडमंडची हाव वाचणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलांना ती हाव जिभेवर कळत होती, म्हणूनच त्याच्या पापाविषयी त्यांना घृणेबरोबर करुणाही वाटली असेल. नायलॉनच्या मोज्यांचेही तसेच. युद्धकाळात नायलॉन पॅराशूटकडे वळले, १९४१ पासून कपडे रेशनवर गेले आणि ते रेशनिंग १९४९ साली संपले. लुईस यांच्या कालपटात रेल्वे-अपघाताचे वर्ष १९४९ हेच आहे आणि सुझन तेव्हा २१ वर्षांची आहे. बारा ते एकवीस ही सारी वर्षे टंचाईत काढलेल्या मुलीला मोजांची एक जोडी हवीशी वाटणे, यात हिणवण्याजोगे काय आहे? तीही टंचाईच्या काळातली भूकच आहे. एका भुकेला कथा मिळाली, दुसरीला शेरा मिळाला.

त्यात सुझनचा इतिहास आणखी गुंतागुंतीचा. ती एकदा पूर्ण मोठी झालेली आहे. राज्य चालवून, मागण्या नाकारून, १५ वर्षांचे प्रौढपण जगून तिला पुन्हा बारा वर्षांच्या देहात यावे लागले आणि वर्षभरात ‘आता तू मोठी झालीस’ म्हणून दार बंद झाले. अशा मुलीला मोठे होण्याची घाई झाली, ही तक्रार करण्याआधी तिच्या मनात काय चालले असेल हे पाहायला हवे होते. कदाचित नाकारल्याशिवाय तिला जगताच आले नसेल. कदाचित ती खरोखरच उथळ झाली असेल. दोन्ही शक्य आहे, आणि आम्हाला काहीच दाखवलेले नसल्यामुळे आम्ही दोहोंपैकी कशाचाही निर्णय करू शकत नाही.

अशा कथाप्रकारात हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण आहे. फॅरा मेंडलसन यांनी ‘ऱ्हेटोरिक्स ऑफ फँटसी’ (२००८) या ग्रंथात पोर्टल फँटसीचा एक विशेष सांगितला आहे. दारापलीकडचे जग नायकाइतकेच वाचकालाही अनोळखी असते. त्यामुळे तिथले जाणते लोक जे सांगतील त्यावर दोघांनाही विश्वास ठेवावा लागतो. शंका घ्यायला संहिता फारशी जागा देत नाही. सुझनविषयीचे चार अभिप्राय याच विश्वासाच्या जोरावर खपावेत अशी योजना आहे. सांगणारी माणसे भली आहेत, मुकुटधारी आहेत, तेव्हा ऐकणाऱ्याने मान डोलवावी. अनेक वाचकांनी ती डोलवली नाही. कारण दारातून आत जाताना आणि बाहेर येताना सुझन त्यांच्याबरोबर होती. जिच्याबरोबर प्रवास केला, तिच्याविषयी दुसऱ्याचे ऐकून मत बनवायला त्यांनी नकार दिला. आपल्या काव्यशास्त्रात ‘सहृदय’ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या रसिकाचेच हे वर्तन आहे. त्याला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे आम्हाला योग्य वाटत नाही.

नकार केवळ दुःखद शेवटाला आहे, असेही नाही. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर अँड वेंडी’ (१९११) मध्ये वेंडीही मोठी होते आणि नेव्हरलँड तिला कायमचे अंतरते. पण बॅरी यांनी त्यासाठी अखेरचे प्रकरण खर्ची घातले आहे. पीटर खिडकीतून येतो, वेंडी आता आई झालेली असते, उडता येत नाही हे तिला त्याला सांगावे लागते आणि तिच्या मुलीला तो घेऊन जातो. वाचकाला हळहळ वाटते. वेंडीवर अन्याय झाला असे मात्र वाटत नाही, कारण त्या खोलीत वाचक उपस्थित असतो. दुसरे टोक आपल्याकडचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक शाळकरीच राहतो आणि त्याबद्दलही कोणी तक्रार करत नाही. तिथे काळ थांबवण्याचा करार पहिल्यापासून स्पष्ट आहे. लुईस यांनी मात्र आपल्या मुलांचे वय वाढू देण्याचे ठरवले, त्यांचे वाढणे हाच कथेचा विषय केला, आणि ऐन वेळी एका मुलीपुरता हात आखडता घेतला. २००८ सालच्या ‘प्रिन्स कॅस्पियन’ चित्रपटात सुझन लढाईत उतरते, कॅस्पियनशी तिची ओढ दाखवली जाते, निरोपाचे चुंबनही येते. यांतले काहीच पुस्तकात नाही. पटकथाकारांचा हेतू काहीही असो, तिचे मन कुठे गुंतले होते हे दाखवायला हवे, ही जाणीव त्या भरीत दिसते.

विशेष म्हणजे वाचकांचे हे निदान लेखकाला अमान्य नव्हते. १९६० साली दुसऱ्या एका बालवाचकाला लुईस यांनी लिहिले की सुझनची पुढची कथा आपण लिहू शकत नाही. तिच्याविषयी आशा नाही म्हणून नव्हे, तर ती कथा लांबेल आणि प्रौढांच्या कादंबरीसारखी होईल म्हणून. तूच का लिहून पाहत नाहीस, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे एक कादंबरी इथे गाळलेली आहे, हे कर्त्याला ठाऊक होते. गाळणे हा लेखकाचा अधिकार आहे. गाळलेल्या कादंबरीचा निकाल तेवढा छापणे, हे आमच्या मते औचित्याला धरून नाही. वाचक रागावले ते याच जागी. पुलमन यांनी त्या रागाला स्त्रीदेहाच्या वाढीविषयीच्या आक्षेपाचे रूप दिले, आणि त्यात तथ्य आहे. परंतु मुळाशी असलेली तक्रार कथनाच्या न्यायाची आहे. सुझन वाईट ठरली असती तरी चालले असते. तिला एकदा बोलू द्यायला हवे होते.

या चर्चेचा आम्हा शिक्षकांशी थेट संबंध आहे. आमच्यापुढे बसणाऱ्या मुली १८ ते २१ वर्षांच्या असतात, म्हणजे सुझनच्याच वयाच्या. ‘कॉलेजात जायला लागली आणि शिंगे फुटली’, ‘ती आता पहिल्यासारखी राहिली नाही’, ही वाक्ये आपल्या घरांत नवी नाहीत. मामा सांगतो, आत्या दुजोरा देते, शेजारच्या काकू कपड्यांवरून आणि मोबाइलवरून पुरावा जोडतात, आणि मग कोणीतरी चहाचा विषय काढते. जिच्याविषयी हे चालते ती बहुधा त्या खोलीत नसते. अशा मुलीला व्यक्तिरेखेचा विकास शिकवताना आम्ही केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ शिकवले, तर दुसऱ्यांनी काढलेले निष्कर्ष नीटनेटक्या परिच्छेदांत उतरवण्याचे वळण आम्ही तिला लावत असतो. ‘हा बदल कोणी पाहिला?’ हे विचारायला शिकवले, तर कादंबरी वाचण्याचे एक साधन तिच्या हाती येते, आणि ते कादंबरीबाहेरही चालते.

म्हणून आमची सूचना अगदी व्यावहारिक आहे. पात्राच्या विकासावर प्रश्न काढताना त्यात आणखी तीन पोटप्रश्न असावेत. बदल प्रसंगातून दिसतो की कोणाच्या बोलण्यातून कळतो? बोलणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण काय? आणि ज्याला ठाऊक असायला हवे ते पात्र गप्प का आहे? ‘द लास्ट बॅटल’ची ती अर्धी पानभर संभाषणे एका तासिकेत सहज वाचून होतात. विद्यार्थ्यांनी ती वाचून लुईस यांच्या बाजूने कौल दिला तरी आमची हरकत नाही. मात्र कौल देण्यापूर्वी त्यांनी एडमंड आणि ल्यूसी यांच्या मौनाविषयी चार ओळी लिहिलेल्या असाव्यात, एवढीच आमची अट राहील.